आयपॉड सिंक होत नाहीये? रिस्टोर दाबायच्या आधी हे करून बघा

सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो, बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल. जुना आयपॉड कॉम्प्युटरला लावल्यावर आयट्यून्सने (आयपॉडमध्ये गाणी भरायचं अॅपलचं सॉफ्टवेअर) जर विचारलं की हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी सिंक झालेला आहे, त्यावरचं सगळं पुसून या लायब्ररीशी सिंक करू का, तर कॅन्सल दाबायचं. इरेज अँड सिंक नाही. कितीही घाई असली तरी नाही.

हे मी एवढं ठासून सांगतोय कारण कॉलेजात असताना माझा आयपॉड नॅनो मी स्वतःच्या हाताने असाच पुसलाय, दीड-दोन हजार गाणी, आणि बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी कळलं आपण काय केलं ते. त्यामुळे गेल्या दिवाळीत आत्याकडे गेलो आणि तिने आतोबांचा आयपॉड क्लासिक हातात दिला, "अरे हा तुझ्या लॅपटॉपला लावून बघ ना, नवीन गाणी जातच नाहीत म्हणतात," तेव्हा मी आधी विचारलं यात काय काय आहे. तर आतोबांनी रिटायर झाल्यावर घरातल्या सगळ्या कॅसेटी एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या, नाट्यसंगीत, गावच्या देवळातली कीर्तनं, आत्याच्या गाण्याच्या क्लासमधली रेकॉर्डिंगं. तो कॉम्प्युटर भंगारात गेला, कॅसेटींना बुरशी लागली म्हणून त्याही गेल्या. उरला हा आयपॉड. म्हणजे एकच कॉपी, ती पण पंधरा वर्षं जुन्या हार्डडिस्कवर. आतोबा म्हणाले, "अरे बाबा, नवीन काही नाही भरलंस तरी चालेल, आहे ते जाऊ देऊ नकोस."

आता हा मेसेज का येतो ते समजून घ्या, म्हणजे निम्मे प्रॉब्लेम आपोआप कळतील. आपल्याला वाटतं सिंक म्हणजे दोन्हीकडची गाणी एकमेकांत मिसळणार. तसं नाहीये. आयपॉडच्या बाबतीत सिंक एकाच दिशेने होतं, कॉम्प्युटरवरची लायब्ररी खरी आणि आयपॉड म्हणजे तिची कॉपी. लायब्ररीत जे नाही ते आयपॉडवरूनही जाणार. आणि एक आयपॉड एका वेळी एकाच लायब्ररीशी ऑटोमॅटिक सिंक होतो, त्यामुळे नवा लॅपटॉप घेतला, विंडोज फॉरमॅट मारली, भावाच्या कॉम्प्युटरला लावला, की तो मेसेज येणारच. आयपॉड बिघडलेला नसतो, त्याला फक्त हे घर अनोळखी असतं.

तर जुना आयपॉड अनोळखी कॉम्प्युटरला लावताना विंडोजवर कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही दाबून धरा, मॅकवर कमांड आणि ऑप्शन, आणि आयट्यून्समध्ये आयपॉडचं चिन्ह दिसेपर्यंत सोडू नका, म्हणजे आपोआप सिंक सुरू होत नाही. त्याहून बरं म्हणजे आयपॉड लावायच्या आधीच आयट्यून्सच्या एडिट मेनूत प्रेफरन्सेस, तिथे डिव्हाइसेस, आणि ऑटोमॅटिक सिंक होऊ देऊ नको अशा अर्थाचा जो चौकोन आहे तो टिक करून टाका. मी तर कायमच टिक ठेवतो.

आधी गाणी बाहेर काढा

दुरुस्ती नंतर. आयपॉड विंडोजमध्ये ड्राइव्ह म्हणून दिसत असेल (क्लासिक, नॅनो आणि शफल दिसतात, टच दिसत नाही) तर त्यातली गाणी साध्या कॉपी पेस्टने बाहेर येतात, पण ती लपवलेली असतात. फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्स दाखवायला सांगा, मग आयपॉडच्या ड्राइव्हमध्ये आयपॉड कंट्रोल नावाचा फोल्डर दिसेल, त्यात म्युझिक, आणि त्यात एफ००, एफ०१, एफ०२ असे फोल्डर एका रांगेत. आत उघडलंत की घाबरू नका, गाण्यांची नावं गायब आणि सगळीकडे चार इंग्रजी अक्षरांची निरर्थक नावं. आयपॉड गाणी अशीच विखरून ठेवतो आणि कुठलं गाणं कुठे आहे याची वही वेगळी असते, शेजारच्या आयट्यून्स फोल्डरमधली आयट्यून्सडीबी नावाची फाइल. प्लेलिस्ट, किती वेळा ऐकलं, किती स्टार दिले, सगळं त्या वहीत.

तो पूर्ण म्युझिक फोल्डर उचलून कॉम्प्युटरवर टाका. मग आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमध्ये अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये दोन टिक असतात, एक मीडिया फोल्डर नीट लावून ठेवण्याची आणि दुसरी लायब्ररीत घेताना फाइलची कॉपी करण्याची, त्या दोन्ही चालू करा आणि फाइल मेनूतून अॅड फोल्डर टू लायब्ररी. एमपीथ्री आणि एएसी फाइलच्या पोटातच गाण्याचं नाव, गायक, अल्बम लिहिलेलं असतं, ज्याला टॅग म्हणतात, त्यामुळे आयट्यून्स ते वाचून सगळं परत नावानिशी लावून देतो. जादूच वाटते पहिल्यांदा बघताना.

आतोबांच्या बाबतीत इथेच माशी शिंकली. बरीचशी गाणी नीट आली, पण कॅसेटवरून उतरवलेली सगळी वॅव्ह फाइल होती आणि वॅव्हमध्ये नाव ठेवायची सोय जवळपास नसल्यात जमा, आयट्यून्समध्ये टाइप केलेली नावं फक्त त्या वहीतच राहतात. म्हणजे दोनशेच्या वर फाइल नुसत्या चार अक्षरांच्या. मग काय केलं, आयट्यून्समध्ये आयपॉड उघडून त्यावरची यादी वेळेप्रमाणे लावली, तिथे नावं दिसत होतीच, आणि इकडे कॉपी केलेल्या फाइलही लांबीप्रमाणे लावल्या, चार मिनिटं सतरा सेकंदवाली एकच असेल तर ओळख पटली. अशी निम्मी-अधिक जुळली. उरलेली आतोबांनी ऐकून सांगितली, दोन दुपार लागल्या, पण त्यांना पेटीचे पहिले चार सूर ऐकले की कळायचं, आत्या आतून ओरडायची की हे माझ्या क्लासमधलं आहे, पुढे नको लावू. नंतर ती सगळी वॅव्ह मी अॅपल लॉसलेसमध्ये कन्व्हर्ट करून ठेवली, आवाजात काही फरक पडत नाही, जागा कमी लागते आणि नाव फाइलमध्येच राहतं.

तुमचा आयपॉड आधी मॅकवर तयार केलेला असेल तर विंडोज म्हणेल ही डिस्क फॉरमॅट करायला हवी. तिथेही नाही म्हणा. डिस्क खराब नसते, मॅकची लिहायची पद्धत विंडोजला वाचता येत नाही एवढंच. आयपॉडवर सेटिंग्जमध्ये अबाउट उघडून मधलं बटण दाबत राहिलात की एका पानावर फॉरमॅट विंडोज आहे का मॅक ते लिहिलेलं सापडतं. मॅक असेल तर कुणाचा तरी मॅक मागून गाणी काढून घ्या आणि मग आपल्या विंडोजवर रिस्टोर करा, म्हणजे सगळं पुसून सॉफ्टवेअर नव्याने टाका. उलट बाजूने त्रास नाही, विंडोजवर तयार केलेला आयपॉड मॅकला चालतो.

चार्ज होतोय पण दिसत नाही

आता मूळ दुखण्याकडे. लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात, आयट्यून्स उडवतात, परत टाकतात, विंडोज फॉरमॅट मारतात, आणि शेवटी निघते केबल. म्हणून क्रम पाळा, आधी वायर, मग विंडोज, मग आयट्यून्स, मग लायब्ररी, मग गाणं. खालच्या पायरीचं ठीक आहे हे नक्की झाल्याशिवाय वर चढायचं नाही.

क्लासिकच्या स्क्रीनकडे बघा. कॉम्प्युटरशी बोलणं चालू असेल तर त्यावर कनेक्टेड किंवा काढू नका असं काहीतरी येतं. नुसतीच चार्जिंगची बॅटरी दिसत असेल तर करंट पोचतोय आणि डेटा पोचत नाहीये, म्हणजे आयट्यून्सचा दोष असूच शकत नाही, तिकडे बघूही नका. ३० पिनच्या ज्या स्वस्त केबली मिळतात त्यातल्या काहींमध्ये डेटाच्या तारा नसतात किंवा असून दोन महिन्यांत तुटतात. मी एकदा स्टेशनबाहेरच्या टपरीवरून घेतलेली केबल घेऊन अख्खा रविवार घालवलाय, आणि शेवटी कपाटात जुनी केबल सापडली तर पहिल्या झटक्यात चालू. शफलची गंमत अजून वेगळी, त्याची केबल हेडफोनच्या भोकात जाते आणि दिसायला सारखी दिसणारी कुठलीही ऑक्स टू यूएसबी केबल त्याला चालतेच असं नाही.

केबल बदलून बघा, नुसती हलवून नको. पोर्ट बदला. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागचे, जे थेट मदरबोर्डवर असतात. यूएसबी हब, कीबोर्डवरचा पोर्ट, मॉनिटरवरचा पोर्ट, हे सगळं बाजूला. क्लासिकमध्ये फिरणारी हार्डडिस्क असते, तिला सुरू होताना करंट जास्त लागतो आणि हब तेवढा देत नाही, मग आयपॉड दिसतो, जातो, दिसतो, जातो. आयपॉडच्या तळच्या भोकात खिशातली कापसासारखी घाण बसते ती कोरड्या टूथब्रशने काढा, ओलं काही लावू नका, सुई तर अजिबात नको. आणि बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर आधी अर्धा तास चार्जरला लावा मग कॉम्प्युटरला.

तरीही नाही, तर आयपॉडच रिसेट करा, यात गाणी जात नाहीत. क्लासिकला होल्डचं बटण एकदा लावून काढायचं, मग मेनू आणि मधलं बटण एकत्र सहा ते आठ सेकंद, सफरचंद दिसेपर्यंत. आणि सफरचंद दिसल्या दिसल्या लगेच मधलं बटण आणि प्ले-पॉज एकत्र धरलंत तर तो डिस्क मोडमध्ये जातो, म्हणजे म्युझिक प्लेअर असणं विसरून नुसता पेनड्राइव्ह होतो. आयपॉडचं आतलं सॉफ्टवेअर अडकलं असेल तरी डिस्क मोडमध्ये कॉम्प्युटरला दिसतो बऱ्याचदा, गाणी बाहेर काढायला हा शेवटचा आधार आहे.

विंडोजला आवाज येतो पण ड्राइव्ह येत नाही

लावल्यावर टुडुंग आवाज येतो, म्हणजे विंडोजला काहीतरी आलंय हे कळलं, पण धिस पीसीमध्ये काही नाही. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे आयपॉडएवढ्या साइजची डिस्क दिसतेय पण तिला ई किंवा एफ असं अक्षर नाहीये, असं असेल तर अक्षराचं भांडण आहे. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे हमखास, कारण नेटवर्क ड्राइव्हने आधीच ती अक्षरं पकडलेली असतात. डिस्कवर राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर, आणि शेवटाकडचं एखादं मोकळं अक्षर द्या. इथे चुकून फॉरमॅटवर क्लिक करू नका, दोन्ही एकाच यादीत असतात.

मधेच तुटत असेल, म्हणजे दहा मिनिटं सिंक नीट आणि मग डिस्कनेक्ट, तर लॅपटॉप वीज वाचवायला पोर्ट झोपवत असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब शोधा, जितके असतील तितक्यांच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला हे बंद करू दे अशी टिक असते ती काढून टाका. आणि सिंक करताना लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा, झाकण उघडं. हे सांगायची गरज नाही असं वाटेल पण आहे.

आयपॉड लावल्यावर विंडोज कधीकधी स्कॅन अँड फिक्स विचारतं, गाणी आधी बाहेर काढलेली असतील तर खुशाल करू द्या. नाही विचारलं तरी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्स टॅबमध्ये एरर चेकिंग आहे. इजेक्ट न करता केबल उपटायची सवय असलेल्यांच्या आयपॉडवर इथे काही ना काही सापडतंच, आणि डिस्क वाचता किंवा लिहिता येत नाही हा आयट्यून्सचा प्रसिद्ध एरर पुष्कळदा एवढ्यानेच जातो.

ड्राइव्ह आला पण आयट्यून्स ओळखत नाही

इथे पोचलात तर वायर आणि डिस्क दोन्ही सुटले, आता खरंच आयट्यून्सकडे वळा. आयट्यून्स बंद, आयपॉड काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट, आयट्यून्स आधी उघडा, मग आयपॉड लावा. हसू नका, आयपॉडशी बोलणारी सर्व्हिस मागे वेगळी चालते आणि तीच अडकलेली असते. नसेल सुटत तर विंडोजवर दुसरा यूझर अकाउंट काढून त्यात लावून बघा, तिथे चालला तर आयट्यून्स ठीक आहे आणि तुमच्या अकाउंटच्या सेटिंगमध्ये गडबड आहे.

मग येतं पूर्ण काढून परत टाकणं. नुसतं आयट्यून्स अनइन्स्टॉल करून उपयोग नाही, त्याच्याबरोबर आलेली पिलावळ पण काढायची, आणि क्रमाने: आयट्यून्स, अॅपल सॉफ्टवेअर अपडेट, अॅपल मोबाइल डिव्हाइस सपोर्ट, बॉनजूर, आणि शेवटी अॅपल अॅप्लिकेशन सपोर्ट, ते ३२ बिट आणि ६४ बिट असं दोनदा असलं तर दोन्ही. रीस्टार्ट, मग नवीन. यात गाणी आणि लायब्ररी जात नाही, पण म्युझिकमधला आयट्यून्स फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवायला काय जातंय. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं आणि अॅपलच्या साइटवरचं अशी दोन आयट्यून्स असतात, एकाने जमत नसेल तर दुसरं टाकून बघा, मात्र दोन्ही एकदम नको.

मॅकवाल्यांसाठी: २०१९ च्या कॅटलिनापासून आयट्यून्स नाहीच, गाणी म्युझिक अॅपमध्ये आणि आयपॉड फाइंडरच्या डाव्या पट्टीत. आयट्यून्स शोधत बसू नका. फाइंडरमध्येही दिसत नसेल तर फाइंडरच्या सेटिंगमध्ये साइडबार टॅबमध्ये सीडी आणि आयपॉडची टिक आहे का बघा.

आणि टच हा वेगळा प्राणी आहे. तो आयफोनचा भाऊ, डिस्क म्हणून दिसत नाही, त्याला अॅपल मोबाइल डिव्हाइस सर्व्हिस चालू लागते आणि पहिल्यांदा लावल्यावर स्क्रीनवर या कॉम्प्युटरवर विश्वास आहे का विचारतो, तिथे ट्रस्ट म्हणून पासकोड द्यावा लागतो. पोरांनी आधी डोन्ट ट्रस्ट दाबलेलं असतं आणि घरात कुणी कबूल करत नाही.

सिंक होतंय पण सगळी गाणी जात नाहीत

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि यात बिघाड असा नसतोच, सेटिंग असते. आयट्यून्समध्ये गाण्याच्या आधी उद्गारचिन्ह दिसतंय? म्हणजे आयट्यून्सला फाइल सापडत नाही. लायब्ररी म्हणजे फक्त पत्ते असतात, तुम्ही गाण्यांचा फोल्डर डी ड्राइव्हवरून बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवलात की सगळे पत्ते चुकले. त्या गाण्यावर क्लिक करून लोकेट म्हणा आणि एक फाइल दाखवा, आसपासची पण शोधू का असं विचारतो, हो म्हणा. हजारो असतील तर त्यापेक्षा फोल्डर जिथे होता तिथेच, त्याच नावाने, परत ठेवा, सगळी उद्गारचिन्हं एका दमात जातात.

ढगाचं चिन्ह असेल तर गाणं तुमच्याकडे नाहीच, नेटवर आहे, आधी डाउनलोड करावं लागेल. आणि अॅपल म्युझिकचं महिन्याचं सबस्क्रिप्शन भरून घेतलेली गाणी क्लासिक, नॅनो किंवा शफलवर जातच नाहीत, डाउनलोड केली तरी नाही, ती भाड्याची आहेत. विकत घेतलेली किंवा सीडीवरून काढलेलीच जातील. यावर कितीही डोकं फोडलंत तरी उपयोग नाही.

फक्त टिक केलेली गाणी सिंक करा ही सेटिंग चालू असेल आणि गाण्यापुढची टिक गेलेली असेल तरी जाणार नाही. फ्लॅक फाइल आयट्यून्स घेतच नाही, तिला अॅपल लॉसलेस करावं लागतं. स्टुडिओवाली २४ बिट ९६ किलोहर्ट्झची रेकॉर्डिंगं क्लासिकला पेलत नाहीत, त्याची मर्यादा ४८ किलोहर्ट्झपर्यंत, मग हे गाणं या आयपॉडवर वाजणार नाही असा मेसेज येतो आणि तो मेसेज आपण न वाचता ओके करतो.

सिंक भयंकर हळू असेल तर एकच जागा बघा, आयपॉडच्या समरी पानावर जास्त बिटरेटची गाणी १२८ केबीपीएसमध्ये कन्व्हर्ट करा अशी टिक. ती चालू असेल तर प्रत्येक गाणं आधी शिजवलं जातं मग पाठवलं जातं, रात्रभर चालतं. ती नसतानाही पहिल्यांदा भरताना धीर धरा, सेकंदाला १० एमबी वेग धरला तरी १०० जीबीला पावणेतीन तास होतात.

मधेच अडकत असेल, दर वेळी साधारण तिथेच, तर एखादी फाइल किडकी आहे. कोणती ते शोधायला सगळी लायब्ररी एकदम पाठवू नका, पाचशे-पाचशेच्या प्लेलिस्ट करा, एकेक सिंक करा, ज्या प्लेलिस्टला अडकेल तिचे दोन भाग करा, परत दोन. आठ-नऊ फेऱ्यांत पाचशेतलं एक गाणं हातात येतं. माझ्याकडे ते एका लग्नाच्या सीडीवरचं निघालं, अर्धवट कॉपी झालेलं.

या सगळ्या कटकटीपेक्षा मला विचाराल तर समरीमध्ये मॅन्युअली मॅनेज म्युझिक टिक करा आणि गाणी ओढून आयपॉडवर टाकत जा. आपोआप काही होत नाही पण आपोआप काही पुसलंही जात नाही. फक्त मग दर वेळी नीट इजेक्ट करून काढायचं, ही अट आहे.

रिस्टोर आणि त्यानंतरही नाही तर

गाणी बाहेर निघाली, केबल चांगली, आयट्यून्स नवं, तरी सिंक होत नाही किंवा आयपॉडवर अदर नावाची जागाच वीस-तीस जीबी दाखवतोय (अर्धवट राहिलेल्या सिंकचा कचरा), तर आता रिस्टोर करा. सगळं पुसून नवं सॉफ्टवेअर टाकतो. लॅपटॉप चार्जरला, नेट चालू, आणि मधे हात लावू नका.

रिस्टोर पण फसला किंवा आयपॉडमधून टकटक आवाज येतो, तर आतली १.८ इंची हार्डडिस्क म्हातारी झालीये. खात्री करायची सोय आतच आहे. रिसेट करा आणि सफरचंद आल्याबरोबर मधलं बटण आणि मागचं गाणं लावायचं बटण एकत्र धरा, डायग्नॉस्टिक मोड येतो. तिथे मेनू दाबून मॅन्युअल टेस्टमध्ये आयओ, मग हार्डड्राइव्ह, मग स्मार्ट डेटा. रिअॅलॉक्स आणि पेंडिंग सेक्टर्स (डिस्कवरच्या खराब आणि संशयास्पद जागा) हे दोन आकडे बघा. शून्य किंवा थोडेसे असतील तर डिस्कवर संशय नको, शेकड्यात असतील तर रिस्टोर करत बसण्यात अर्थ नाही. बाहेर यायला परत रिसेट.

क्लासिक २०१४ मध्ये बंद झाला, नॅनो आणि शफल २०१७ मध्ये, टच २०२२ मध्ये, त्यामुळे कंपनीकडून नवीन मिळणार नाही, पण डिस्क काढून तिच्या जागी एसडी कार्डचा अडॅप्टर बसवणारे हौशी लोक आहेत. क्लासिकचं पत्र्याचं झाकण उघडणं मात्र महाकठीण काम, वाकतंच. आतोबांच्या आयपॉडचे आकडे शंभराच्या आत होते म्हणून उघडला नाही. रिस्टोर केला, मॅन्युअलवर ठेवला, आणि त्यांची गाणी लॅपटॉपवर एक आणि बाहेरच्या हार्डडिस्कवर एक अशी दोन ठिकाणी ठेवून दिली.

आयपॉड नसेल तर

वॉकमन, सॅनडिस्क किंवा बाजारात मिळणारे साधे प्लेअर यांना आयट्यून्स लागतच नाही, फाइल टाकल्या की झालं, पण त्यांचे त्रास वेगळे. दिसत नसेल तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड असतो, एमटीपी किंवा एमएससी, एक चालत नसेल तर दुसरा लावा. एमएससी म्हणजे सरळ पेनड्राइव्ह, सगळीकडे चालतो. एमटीपी मॅकला आपलं आपण समजत नाही, त्यामुळे मॅक असेल तर एमएससीच. आणि मॅकवरून गाणी टाकलीत की प्रत्येक गाण्याच्या जोडीला टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी एक छोटीशी फाइल तयार होते, प्लेअर तिलाही गाणं समजतो आणि यादीत प्रत्येक गाणं दोनदा, त्यातलं एक वाजतच नाही. विंडोजवर हिडन फाइल दाखवून त्या सगळ्या उडवा.

गाणी टाकली पण यादीत जुनीच दिसतात, तर प्लेअरला त्याची यादी परत बांधायला सांगावी लागते, सेटिंगमध्ये रिफ्रेश किंवा रिबिल्ड लायब्ररी असं काही सापडेल.

मराठी नावांचा घोळ पण इथलाच. आपण हौसेने देवनागरीत अभंगाचं नाव टाइप करतो आणि प्लेअरवर चौकोन किंवा प्रश्नचिन्हांची माळ. यात दोन वेगळी कारणं असतात. प्रश्नचिन्हं किंवा विचित्र अक्षरं आली तर टॅग प्लेअरला न समजणाऱ्या पद्धतीने लिहिलाय, कुठल्याही चांगल्या टॅग एडिटरमध्ये ती गाणी उघडून आयडीथ्री २.३ आणि यूटीएफ १६ असं निवडून परत सेव्ह करा, बरेच जुने प्लेअर एवढं केल्यावर वाचतात. चौकोन आले तर प्लेअरमध्ये देवनागरीचा फॉन्टच नाही, तिथे टॅग कितीही सुधारलात तरी चौकोनच. आणि अक्षरं दिसतात पण वेलांटी पुढे, जोडाक्षर फुटलेलं, तर फॉन्ट आहे पण अक्षरं जोडायची अक्कल नाही. या दोन्हीसाठी मी सरळ इंग्रजी अक्षरात नावं टाकतो, फाइलच्या नावात आकडा आधी, ०१, ०२ असा, म्हणजे निदान क्रम तरी नीट राहतो. स्वस्त प्लेअर नावाप्रमाणे नाही तर ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात, त्यामुळे काकड आरती मधेच आणि भैरवी आधी असं होत असेल तर फोल्डर पुसून, गाणी नावाप्रमाणे लावून, एकेक अल्बम वेगळा कॉपी करा, दहा-बारा एकदम सिलेक्ट करून ओढू नका.